श्वास घेणारा विद्युत्घट

एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १५ किलोग्रॅम हवा लागते. तरीही स्कूटरवर हवेची टाकी नसते. लागेल तशी हवा एंजिन बाहेरून ओढून घेते. नेहमीच्या विद्युत्घटाला मात्र ही सवलत नाही. विक्रियेत भाग घेणारे सारे पदार्थ त्याला आपल्या पोटात वागवावे लागतात. घटालाही हवेतील ऑक्सिजन वापरायला लावले तर? याच कल्पनेवर लिथियम-हवा घट आधारलेला आहे. पुन्हापुन्हा प्रभारित करता येईल असा घट अब्राहम आणि जिआंग यांनी अमेरिकेत १९९६ साली जगापुढे मांडला.

या घटात ऋणाग्र लिथियम धातूचे, धनाग्र सच्छिद्र कार्बनचे आणि दोहोंमध्ये विद्युत् अपघटनी पदार्थ असतो. घट वापरात असताना लिथियमचा अणू एक इलेक्ट्रॉन गमावून आयन बनतो. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून आणि आयन अपघटनीतून धनाग्राकडे जातात. तेथे दोन आयन, दोन इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून लिथियम पेरॉक्साइड तयार होते. या विक्रियेचे विभवांतर २.९६ व्होल्ट आहे. प्रभारण करताना हीच विक्रिया उलट दिशेने घडवतात आणि ऑक्सिजन पुन्हा हवेत जातो.

आता थोडे गणित करू. १४ ग्रॅम, म्हणजे दोन मोल लिथियमपासून १,९३,००० कूलोम प्रभार मिळतो. त्याला २.९६ ने गुणल्यास सुमारे ५,७१,००० ज्यूल ऊर्जा येते. म्हणजेच दर किलोग्रॅम लिथियममागे सुमारे ११,३०० वॅट-तास! हा आकडा पेट्रोलच्या जवळपास जातो आणि म्हणूनच या घटाचा एवढा गाजावाजा होतो.

पण येथे एक मेख आहे. पेट्रोलचा धूर नळीवाटे निघून जातो. येथील पेरॉक्साइड मात्र घटातच साठते. १४ ग्रॅम लिथियम ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ४६ ग्रॅमचे होते. म्हणजे हा घट वापरता वापरता जड होत जातो. तीच ऊर्जा ४६ ग्रॅमने भागली, तर आकडा सुमारे ३,४५० वर उतरतो. त्यात कार्बन, अपघटनी आणि वेष्टन यांचे वजन अजून धरलेलेच नाही. चांगल्या लिथियम-आयन घटाचा सुमारे २५० वॅट-तास हा आकडा मात्र संपूर्ण घटाच्या वजनावर काढलेला असतो.

खऱ्या अडचणी पुढेच आहेत. पेरॉक्साइड विजेचे मंदवाहक असून ते कार्बनची छिद्रे बुजवते. त्यामुळे वापरताना सुमारे २.७ व्होल्टच मिळतात, तर प्रभारण करण्यास बहुधा ४ व्होल्ट किंवा अधिक द्यावे लागतात. म्हणजे दिलेल्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाया जातो. विक्रियेत मध्येच निर्माण होणारे सुपरऑक्साइड अपघटनीचे विघटन करते. शिवाय हवेतील बाष्प लिथियमवर हल्ला करते आणि कार्बन डायऑक्साइडमुळे लिथियम कार्बोनेट तयार होते. ते पुन्हा फोडणे कठीण असते. म्हणूनच प्रयोगशाळांत असे बरेचसे घट हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनवर चालवतात.

तेव्हा मित्रांनो, ‘एका किलोग्रॅममागे एवढी ऊर्जा’ असे पुढे कोठे वाचाल, तेव्हा प्रथम विचारा: हा किलोग्रॅम नेमका कशाचा?