घर मोजा, पण जमिनीसह मोजा

घर कशाला म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु ज्या दिवशी सरकार घरांची मोजदाद करू लागते आणि त्या मोजदादीवर गावाचे हक्क व दायित्व ठरू लागते, त्या दिवशी हा प्रश्न न्यायाचा होऊन बसतो. अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत गेली कित्येक वर्षे तो असाच ठाण मांडून बसला आहे. कारखान्यात तयार होऊन पोलादी सांगाड्यावरून जागेवर आणून ठेवलेल्या घराला परवडणाऱ्या घरांच्या गणनेत स्थान द्यावे की न द्यावे, असा हा वाद आहे.

मॅसॅच्युसेट्सने १९६९ साली, कनेक्टिकटने १९८९ साली आणि ऱ्होड आयलंडने १९९१ साली जे कायदे केले, त्यांचे सूत्र सर्वसाधारणपणे एकच आहे. गावातील शंभर घरांपैकी दहा घरे तरी बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणारी असावीत. हा आकडा न गाठलेल्या गावाने अशी घरे बांधू पाहणाऱ्यास नकार दिला, तर त्याविरुद्ध राज्याच्या मंडळाकडे वा न्यायालयाकडे दाद मागता येते. आकडा गाठला की गाव निर्धास्त! म्हणूनच गावांचे कारभारी आज म्हणतात, 'आमच्या वेशीजवळ कारखानी घरांची वसाहत पूर्वीपासून आहे. तेथे गरीबच राहतात. ती घरे आमच्या दहांत का धरत नाही?'

या युक्तिवादात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. १५ जून १९७६ पासून अशा प्रत्येक घराला बांधणी, अग्निसुरक्षा आणि वीजजोडणी यांबाबत अमेरिकेच्या केंद्र सरकारची मानके लागू आहेत. जमिनीची किंमत वगळली, तर जागेवर बांधलेल्या घराच्या साधारण निम्म्या खर्चात ते उभे राहते. सुमारे दोन कोटी अमेरिकन आज अशा घरांत राहतात. उलट मॅसॅच्युसेट्सच्या यादीची तऱ्हा पाहा. भाड्याच्या इमारतीतील एकचतुर्थांश घरे नियमानुसार स्वस्त ठेवली, की उरलेली बाजारभावाची घरेही परवडणारी म्हणून गणली जातात. आणि अनुदानाचा शिक्का नाही म्हणून कारखानी घरात राहणारी वृद्ध विधवा मात्र हिशेबाबाहेर! श्रीमंताचे दालन मोजावे आणि गरिबाचे छप्पर मोजू नये, याला गणित म्हणत नाहीत.

तरीही या कारभाऱ्यांच्या कळवळ्याकडे आम्ही किंचित संशयाने पाहतो. ज्या न्यू जर्सीत आज हजारो मराठी कुटुंबे नांदत आहेत, तेथील इतिहास बोलका आहे. ग्लॉस्टर टाउनशिपने अशा घरांना आपल्या हद्दीत बंदी केली आणि १९६२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी भिन्न मत नोंदवले. पुढे १९७५ साली गरिबांना दाराबाहेर ठेवणाऱ्या नियोजनाविरुद्ध माउंट लॉरेल खटल्याचा गाजलेला निर्णय त्यांनीच लिहिला. अखेर १९८३ साली त्याच न्यायालयाने आपला १९६२ चा निकाल रद्द ठरवला. अशी घरे येऊ नयेत म्हणून नियमांच्या भिंती बांधणारी गावे त्या एका राज्यातच होती असे नाही. येताना ज्यांना हाकलले, त्यांनाच मोजणीच्या वेळी आपले म्हणायचे, ही आत्मीयता कोणत्या जातीची? शिवाय जुन्या घरावर नवा क्रमांक घातल्याने एकाही निराश्रिताच्या डोक्यावर छप्पर येत नाही. येते ते फक्त गावाच्या हाती नकाराचे नवे शस्त्र.

खरे दुखणे मात्र याहून खोल आहे. या वसाहतींत बहुधा घर राहणाऱ्याचे असते आणि त्याखालची जमीन दुसऱ्याची. जागेचे भाडे वाढले तर भरावे लागते, कारण ज्याला 'फिरते घर' म्हणतात ते हलवण्याचा खर्च गरिबाला झेपत नाही. जमीनमालकाने जागा विकली की भिंती शाबूत असूनही घर जाते. झोपडी आपली आणि जमीन परक्याची, हे दुःख मुंबईकराला समजावून सांगावे लागू नये. आज स्वस्त असलेले घर उद्या स्वस्त राहीलच, याची हमी जेथे नाही, तेथे ते पूर्ण घर म्हणून मोजणे ही स्वतःची फसवणूक होय.

ऱ्होड आयलंडने तडजोड म्हणून अनुदानाविना इतर अटी पुऱ्या करणाऱ्या अशा घराला अर्धे घर मानले. कनेक्टिकटचा मार्ग आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतो. किमान दहा वर्षे किंमत वा भाडे बांधून ठेवणारा नोंदणीकृत दस्तऐवज असेल, तर तेथे कारखानी घर गणनेत धरले जाते. रहिवाशांच्याच मालकीच्या वसाहतीतील घरांनाही गावाच्या गुणांत स्थान मिळते. ही मालकी म्हणजे स्वप्नरंजन नव्हे. न्यू हॅम्पशायरमधील मेरेडिथ येथे १९८४ साली रहिवाशांनी सहकारी संस्था काढून पायाखालची जमीन विकत घेतली. त्या वाटेने पुढे अमेरिकेत शेकडो वसाहती गेल्या. तेथे भाडे किती असावे, हे दूरचा गुंतवणूकदार नव्हे, तर शेजारी बसून शेजारी ठरवतात.

आमचे मत स्पष्ट आहे. कारखान्यात घडले म्हणून घर कमी प्रतीचे ठरवणे हा अहंकार, आणि जमिनीचा प्रश्न झाकून त्याची संख्या मिरवणे हा कावा. गावांना हा आकडा हवा असेल, तर त्यांनी वसाहतीची जमीन रहिवाशांच्या हाती देण्यास साहाय्य करावे, भाड्याला लगाम घालावा, नव्या घरांना जागा द्यावी आणि मग प्रत्येक घर खुशाल पूर्ण मोजावे. सरकारने घरे मोजावयाची ती माणसे स्थिर व्हावीत म्हणून. ज्या मोजणीने वहीतील रकाना भरतो आणि माणसाच्या पायाखालची जमीन हलतीच राहते, तिला लोककल्याण म्हणणे आम्हांस मान्य नाही.