साप नको, माणूस आणा

भातलावणी सुरू झाली की आमच्या कॅज्युअल्टीत पिशव्या येऊ लागतात. खताच्या पिशवीत नाहीतर बरणीत ठेचलेला साप. ‘‘डॉक्टर, जनावर आणलंय, बघून इंजेक्शन द्या.’’ रिकाम्या हातांनी आलेले ओशाळून सांगतात, ‘‘दोन तास शोधलं, म्हणून उशीर झाला.’’

गैरसमज : साप ओळखल्याशिवाय उपचार होत नाहीत.

किती वेळा सांगायचं? आपल्याकडचं प्रतिविष एकाच बाटलीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालतं. सापागणिक वेगळी बाटली नसते. ठेचलेला साप ओळखणं आम्हालाही जड जातं. बिनविषारी कवड्याला मण्यार समजणारे तर पुष्कळ. वर, मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं. मग एकाचे दोन रुग्ण.

आम्ही तपासतो माणसाला. पापण्या जड झाल्यात का, गिळता येतं का, हिरड्यांतून रक्त येतंय का, सूज कुठवर चढली? मग दोन मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. नळी कलती केल्यावर रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस-फुरशासारखं रक्त बिघडवणारं विष भिनलंय. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीतला निकाल फसवा.

मण्यारीचं तर विचारूच नका. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते. फारसं दुखत नाही, खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते. घरचे म्हणतात, पित्त झालं. पुढे पापण्या मिटू लागतात, श्वास अडकतो. इथे साप कुणी पाहिलेलाच नसतो, तो आणणार कुठून? म्हणून पावसाळ्यात पहाटेच्या पोटदुखीला आमचा पहिला प्रश्न असतो, ‘‘रात्री कुठे झोपला होतात?’’

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

घट्ट आवळून बांधावं. – नको. रक्तपुरवठा तुटून हातपाय गमवायची वेळ येते. फळीचा आधार द्या, अवयव हलू देऊ नका.

चिरा देऊन विष चोखावं. – विष निघत नाही, जखम मात्र वाढते.

मांत्रिकाने उतरवलं. – बहुतेक साप बिनविषारी; विषारीही दर वेळी विष सोडतोच असं नाही. श्रेय मात्र मांत्रिकाला.

प्रत्येकाला इंजेक्शन हवंच. – विषबाधेची लक्षणं असतील तरच, कारण औषधाचीही रिअ‍ॅक्शन येते. लक्षणं नसली तरी २४ तास देखरेख हवी.

मुलांना डोस कमी. – नाही. साप मूल बघून विष कमी सोडत नाही.

हा त्रागा उगाच नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा ‘ईलाइफ’ नियतकालिकातल्या २०२० सालच्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी चालेल. १०८ ला फोन लावा आणि निघा. सापामागे घालवलेले दोन तास भरून काढणारी बाटली आमच्या कपाटात नाही.