स्वमग्न मुलांमधील शरीरसंतुलन

स्वमग्न मुलांमधील शरीरसंतुलन या विषयात स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांची उभे राहताना, बसताना व चालताना तोल सांभाळण्याची क्षमता आणि तीत आढळणाऱ्या अडचणी यांचा अभ्यास होतो. स्वमग्नता ओळखली जाते ती मुख्यतः सामाजिक संवादातील अडचणी आणि ठरावीक वर्तनाची पुनरावृत्ती यांवरून. तोल सांभाळण्यातील अडचण हा निदानाचा निकष नाही, मात्र ती अनेक स्वमग्न मुलांत आढळते. निदानात तिला स्थान नसल्यामुळे ती बहुधा दुर्लक्षित राहते. मूल वारंवार पडते, जिना उतरताना अडते किंवा कवायतीत मागे राहते, तेव्हा त्यास धांदरटपणा, आळस किंवा हट्ट अशी नावे मिळतात. गेल्या काही दशकांतील संशोधनानुसार या वागण्यामागे मेंदूची निरनिराळ्या संवेदनांचा मेळ घालण्याची वेगळी पद्धत आणि तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा मंद विकास असू शकतो.

तोल सांभाळण्याची प्रक्रिया

माणूस स्थिर उभा दिसत असला तरी त्याचे शरीर सतत किंचित झुलत असते. हे झुलणे मर्यादेत ठेवण्याच्या कार्यास देहस्थिती-नियंत्रण असे म्हणतात. शरीराचा गुरुत्वमध्य पावलांनी व्यापलेल्या क्षेत्राच्या आत राहिला तर तोल टिकतो. तो बाहेर गेला तर पाऊल टाकून सावरावे लागते किंवा माणूस पडतो.

या कार्यासाठी मेंदूला तीन मार्गांनी माहिती मिळते. पहिला मार्ग दृष्टीचा. दुसरा अंतर्कर्णाचा : तेथील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याची जाणीव देतात, तर दोन लहान पिशव्यांतील सूक्ष्म स्फटिक गुरुत्वाकर्षणाची दिशा आणि सरळ रेषेतील गती कळवतात. तिसरा मार्ग स्नायू, सांधे आणि तळपायांची त्वचा यांचा. डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे हे समजते, ते या तिसऱ्या मार्गामुळे. तिन्ही मार्गांची माहिती जुळवून स्नायूंना योग्य वेळी आज्ञा देण्यात अनुमस्तिष्काचा, म्हणजे लहान मेंदूचा, मोठा वाटा असतो.

परिस्थितीनुसार मेंदू या तिन्ही मार्गांना कमी-अधिक महत्त्व देतो. अंधारात डोळ्यांवरचा भर कमी होतो; मऊ गादीवर किंवा नांगरलेल्या रानात उभे राहिल्यास पावलांकडून येणारी माहिती अविश्वसनीय ठरते. कोणत्या वेळी कशावर विसंबावे हे मूल वाढीच्या वयात हळूहळू शिकते. साधारणपणे तीन वर्षांचे मूल क्षणभर एका पायावर उभे राहू शकते आणि चार वर्षांच्या सुमारास एका पायावर उडी मारू लागते. यंत्रणेची परिपक्वता मात्र पौगंडावस्थेपर्यंत चालू राहते.

संशोधनाचा इतिहास

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची संकल्पना मांडली. त्यांपैकी काही मुलांची चाल आणि मोठ्या स्नायूंच्या हालचाली बेडौल असल्याची नोंद त्यांनी त्याच लेखात केली होती. पुढील वर्षी, १९४४ मध्ये, ऑस्ट्रियातील हान्स आस्पर्गर यांनीही आपल्या निरीक्षणाखालील मुलांच्या शारीरिक अवघडलेपणाकडे लक्ष वेधले. नंतरच्या काळात अभ्यासकांचे लक्ष भाषा व सामाजिक वर्तन यांवर केंद्रित झाले आणि हालचालींचा प्रश्न मागे पडला.

१९८५ मध्ये मार्गारेट बाउमन आणि थॉमस केंपर यांनी स्वमग्न व्यक्तीच्या मृत्यूनंतर केलेल्या मेंदूच्या तपासणीत अनुमस्तिष्कातील पुर्किंये पेशींची संख्या कमी आढळल्याचे नोंदवले. त्यामुळे हालचालींचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

१९९२ मध्ये कोहेन-राझ, फोल्कमार आणि कोहेन यांनी ९१ स्वमग्न मुलांच्या तोलाचे संगणकाच्या साहाय्याने मापन केले. या मुलांचे झुलणे, विशेषतः डावी-उजवीकडील, अधिक आणि अनियमित होते. वयानुसार अपेक्षित सुधारणा कमी दिसली आणि अनेक मुले एका पावलावर, टाचेवर किंवा चवड्यावर जास्त भार देत होती. अंतर्कर्णाचा विकार असलेल्या प्रौढांपेक्षा त्यांचा आकृतिबंध वेगळा होता. म्हणजे दोष केवळ कानातील इंद्रियात नसून माहिती जुळवण्याच्या कामात असावा, असे यातून सूचित झाले.

२००४ मध्ये नॅन्सी मिनश्यू आणि सहकाऱ्यांनी ५ ते ५२ वर्षे वयोगटातील ७९ स्वमग्न आणि ६१ इतर व्यक्तींची तुलना केली. या स्वमग्न व्यक्तींची बुद्धिमत्ता सर्वसाधारण पातळीची होती. तरीही त्यांच्यातील तोलाचा विकास सुमारे बाराव्या वर्षापासून दिसू लागला आणि तो प्रौढांच्या सामान्य पातळीपर्यंत पोचला नाही. पावलांकडून येणारी माहिती बिघडवली असता फरक सर्वाधिक स्पष्ट झाला. तोलाची अडचण बौद्धिक अक्षमतेतूनच येते, हा समज या अभ्यासाने दूर केला.

अमेरिकेतील संशोधक अंजना भट यांनी २०२० मध्ये पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांच्या आधारे केलेल्या मोठ्या अभ्यासात सुमारे ८७ टक्के स्वमग्न मुलांना हालचालींच्या अडचणीचा धोका असल्याचे दिसले. हा आकडा चाळणी-चाचणीचा आहे. तो प्रत्यक्ष निदानाचा आकडा समजू नये.

संवेदनांबाबतचे निष्कर्ष

डोळ्यांवर किती विसंबावे याबाबत स्वमग्न मुले इतरांपेक्षा वेगळी असतात, यावर बरीच सहमती आहे. मात्र फरकाची दिशा सर्व अभ्यासांत सारखी नाही. २००३ मधील मॉलॉय आणि सहकाऱ्यांच्या छोट्या अभ्यासात डोळे झाकल्यावर स्वमग्न मुलांचे झुलणे इतर मुलांपेक्षा जास्त वाढले. याउलट फ्रान्समधील ब्रुनो जेपनेर यांच्या प्रयोगांत समोरचे दृश्य वेगाने हलवले असता काही स्वमग्न मुलांच्या शरीराने अपेक्षेपेक्षा कमी प्रतिसाद दिला. २००९ मधील एका प्रयोगात नवी हालचाल शिकताना स्वमग्न मुले दृष्टीपेक्षा स्वतःच्या सांधे-स्नायूंच्या जाणिवेवर अधिक विसंबत असल्याचे आढळले. स्वमग्नतेचे स्वरूप प्रत्येक मुलात भिन्न असल्याने एकच नियम सर्वांना लावता येत नाही.

दैनंदिन जीवनातील लक्षणे

पुढील गोष्टी अनेक स्वमग्न मुलांत दिसतात. त्या सर्व एकाच मुलात असतीलच असे नाही.

पाय फाकवून किंवा चवड्यांवर चालणे. उतारावर अथवा जिन्यावर अडणे. झोपाळ्याची अतिशय भीती वाटणे किंवा उलट त्यावरून उतरायलाच तयार नसणे. विजार घालताना भिंतीचा आधार लागणे. चेंडू झेलताना तोल जाणे. गर्दीत भिंतीच्या कडेने चालणे. मांडी घालून बसल्यावर थोड्याच वेळात कलंडणे किंवा टेकणे.

शेवटच्या लक्षणाचा शिक्षणाशी थेट संबंध आहे. धड स्थिर नसेल तर हाताला लिहिण्यासाठी भक्कम आधार मिळत नाही. सतरंजीवर बसवलेले मूल आपले बरेचसे लक्ष ताठ बसण्यातच खर्च करते. अक्षर बिघडते आणि धड्याकडे लक्ष राहत नाही. बाहेरून ही केवळ एकाग्रतेची उणीव वाटते.

खेळांचेही असेच आहे. लंगडी हा महाराष्ट्रातील घराघरांतला खेळ एका पायावरील तोलावर उभा आहे. ठिकरी, दोरीउड्या आणि लगोरी यांतही वेगाने दिशा बदलावी लागते. लेझीम आणि कवायत यांत तोल, ताल आणि शेजाऱ्याच्या हालचालीचे अनुकरण ही तिन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. ज्या मुलास मुळातच इतरांत मिसळणे कठीण जाते, त्यास तोलाच्या अडचणीमुळे खेळातूनही बाजूला व्हावे लागते. मैत्री जोडण्याची बालपणातील सर्वांत सोपी वाट अशा रीतीने अरुंद होते.

तपासणी

सर्वांत साध्या तपासण्यांना उपकरण लागत नाही. पाय जुळवून प्रथम डोळे उघडे आणि नंतर मिटून उभे राहण्याची चाचणी एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य मोरिट्झ रोम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. एका पायावर किती सेकंद उभे राहता येते आणि टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालता येते का, हेही पाहिले जाते. प्रयोगशाळेत भारमापक फलकावर उभे करून झुलण्याची दिशा व वेग मोजतात. सूचना न समजल्यामुळे मुलाने चाचणी पूर्ण केली नाही, तर त्याचा अर्थ तोल नाही असा होत नाही. म्हणून कृती प्रत्यक्ष करून दाखवणे आणि मुलास खेळताना पाहणे महत्त्वाचे असते.

प्रत्येक अडचण स्वमग्नतेच्या खाती टाकणे धोक्याचे आहे. चवड्यांवर चालणे मेंदूचा पक्षाघात आणि स्नायूंचे काही आजार यांतही दिसते. कानाचा संसर्ग, दृष्टिदोष आणि अपस्माराची काही औषधे यांमुळेही तोल बिघडतो. आधी येत असलेली चाल बिघडली, तोल एकाएकी जाऊ लागला किंवा सोबत डोकेदुखी व उलट्या असतील, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते.

उपचार आणि सराव

या अडचणीवर औषध नाही. व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार या दोन शाखा प्रामुख्याने उपयोगी पडतात. अमेरिकेतील जीन एयर्स यांनी विकसित केलेल्या संवेदी एकात्मीकरण पद्धतीत झोके, उतार व मऊ पृष्ठभाग यांच्या नियोजित खेळांतून मुलास निरनिराळ्या संवेदना दिल्या जातात. पोहणे, कराटे आणि तोलाचे व्यायाम यांवरील अभ्यासांत सुधारणा दिसली आहे. मात्र बहुतेक अभ्यास लहान गटांवरील आहेत. तोल सुधारल्याने स्वमग्नता नाहीशी होत नाही. खेळणे, कपडे घालणे, बसमध्ये चढणे अशा कृती सुलभ होतात, हे उद्दिष्ट पुरेसे मोलाचे आहे.

सरावाचे तत्त्व साधे आहे : आधार हळूहळू कमी करावा. लंगडी शिकवताना प्रथम दोन्ही हात भिंतीला, मग एक हात, मग केवळ एक बोट, आणि शेवटी आधाराविना एक क्षण असा क्रम ठेवता येतो. जमिनीवर आखलेली रेघ आधी रुंद आणि नंतर अरुंद करता येते. वर्गात भिंतीला पाठ टेकता येईल अशी जागा किंवा तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील अशा उंचीचे आसन दिल्यास बसण्यावरील ताण कमी होतो. भीती वाटणाऱ्या मुलास झोक्यावर जबरदस्तीने बसवणे अपायकारक ठरते.

भारत आणि महाराष्ट्र

भारतातील व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा आरंभ महाराष्ट्रात झाला. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईत २००१ मध्ये स्थापन झालेली उम्मीद ही संस्था विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांसाठी कार्य करते.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश झाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांतही ती आहे. प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय स्वमग्नता मूल्यमापन श्रेणीत ४० बाबी असून त्या सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा व संवाद, वर्तन, संवेदना आणि बोधन अशा सहा गटांत विभागल्या आहेत. तोल किंवा चाल यांसाठी स्वतंत्र गट नाही. परिणामी प्रमाणपत्र मिळालेल्या मुलाच्याही तोलाची तपासणी झालेली असेलच असे नाही. ती पालकांनी वा शिक्षकांनी वेगळी मागावी लागते.

ग्रामीण भागातील स्थिती : कवठे महांकाळ

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कवठे महांकाळ हा अवर्षणप्रवण तालुका अशा भागांचे प्रातिनिधिक उदाहरण आहे. वस्तीवरून शाळेत जाणाऱ्या मुलाची वाट बांधावरून, द्राक्षबागेच्या कडेने किंवा ओढ्यातून जाते. ज्या मुलास पावलांकडून येणाऱ्या माहितीचा मेळ घालणे अवघड असते, त्याच्यासाठी ऊन-पावसात बदलणारी अशी वाट ही रोजची परीक्षा असते. तीच वाट सोबत कोणी असताना, ठरलेल्या वेळी आणि घाई न करता चालल्यास मात्र उत्तम सरावही ठरते.

विशेष उपचारांसाठी या परिसरातील कुटुंबांना बहुधा मिरज व सांगलीकडे जावे लागते. मिरजेतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये स्थापन झाले. दर आठवड्याचा प्रवास मजुरी बुडवून करावा लागत असल्याने उपचारांत खंड पडण्याचा संभव असतो. म्हणून घरी व शाळेत करता येणाऱ्या सरावास येथे विशेष महत्त्व आहे.

पहिली ओळख गावपातळीवर होऊ शकते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यासाठी फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात, आणि गरजू मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तालुक्याच्या गटसाधन केंद्रामार्फत विशेष शिक्षकांचे साहाय्य मिळवता येते. मूल कोठे पडते, कशास घाबरते, किती वेळ ताठ बसते आणि एका पायावर किती क्षण उभे राहते, या चार गोष्टींची शिक्षकांनी वा अंगणवाडी सेविकेने ठेवलेली तारीखवार नोंद पथकातील डॉक्टरांना थोड्या वेळात नेमका निर्णय घेण्यास उपयोगी पडते.