एकट्याचे पाणवठे

लोणखेड्याहून समुद्र गाठावयाचा तर दोनच वाटा आहेत: एक दक्षिणेस धुळे-नाशिकवरून सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात जाणारी, आणि दुसरी तापीची सोबत धरून पश्चिमेस गुजराथच्या मुलखात सुरतेपर्यंत पोहोचणारी. शहाद्याला लागून असलेल्या या गावात ऊस, केळी आणि पपई यांच्या शेतीमुळे कष्टकऱ्यांची, तर पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयांमुळे विद्यार्थ्यांची वर्दळ बारमाही असते. आणि अशा ठिकाणी निवृत्तीस आलेल्या एखाद्या शिक्षकाने किंवा परीक्षेतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या एखाद्या मुलीने, ‘चार दिवस एकटेच कोठेतरी पाण्याकाठी जाऊन यावे’ अशी इच्छा बोलून दाखविली, तर तत्काळ दोन प्रश्न विचारले जातात. सोबत कोण आहे? आणि एवढ्या लांब कशासाठी? हे प्रश्न काळजीपोटी विचारलेले असतात आणि त्यांची उत्तरे गांभीर्याने द्यावयास हवीत. आणि ती देताना कोकणाच्या आधी आपल्या तालुक्याकडे पाहावे, असे मला वाटते.

एकट्या प्रवाशास विसावा कोठे लाभतो, याविषयी एक समज फार रूढ झाला आहे. तो असा, की काठ जितका निर्जन तितकी शांती अधिक. माझे मत याच्या विरुद्ध आहे. ज्या काठावर कोणीच नाही, तेथे एकट्या माणसास आपल्या सामानावर, मावळत्या उजेडावर आणि पाण्याच्या खोलीवर स्वतःच पहारा ठेवावा लागतो, आणि पहाऱ्यावरच्या माणसाला विश्रांती कोठली? याउलट ज्या काठाला स्वतःचा नित्यव्यवहार आहे, जेथे कोणी स्नानास, कोणी जाळी सुकविण्यास, कोणी गुरे पाण्यावर घेऊन आलेला असतो, तेथे आगंतुकाकडे चार डोळे सहज असतात, परंतु त्याने बोलावे, हसावे, कोणाचे मन राखावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. माणसांच्या सान्निध्यात राहून एकांत भोगण्याची ही सोय ज्या पाण्याकाठी आहे, तेच एकट्याचे खरे विश्रांतिस्थान होय.

शहाद्याहून नंदुरबारच्या रस्त्याने निघाले की काही वेळातच लागणारे प्रकाशा हे याचे पहिले उदाहरण. सातपुड्यातून उतरून शहाद्यावरून वाहत आलेली गोमाई येथे तापीस मिळते. पुलिंदा ही तिसरी नदी धरून लोक यास त्रिवेणी संगम म्हणतात, आणि काशीयात्रेचे पुण्य प्रकाशाच्या दर्शनावाचून पूर्ण होत नाही, अशी श्रद्धा असल्यामुळे यास दक्षिण काशी हे नाव पडले आहे. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर ही येथील मंदिरे प्रसिद्धच आहेत. परंतु या काठाचे वय मंदिरांहूनही फार मोठे आहे. १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या वतीने बा. कृ. थापर यांनी येथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगीन वस्तीची चित्रित मृद्भांडी सापडली, आणि काही खंड सोडता तेथपासून पुढे माणूस या संगमावर पुन्हा पुन्हा येऊन राहिल्याचा दाखला मिळाला. जी जागा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसास वस्तीयोग्य वाटली, ती आजच्या थकल्या जिवास दोन घटका बसावयास योग्य वाटावी, यात नवल नाही.

घाटावर एकटे येणारे पुष्कळ असतात. कोणी पितरांचे कार्य करण्यास आलेला असतो, कोणी नवस फेडण्यास, कोणी नुसताच देवदर्शनास. आणि म्हणून पायरीवर एकट्याने बसलेल्या माणसाची कोणी चौकशी करीत नाही. दुःख घेऊन आलेला आणि सुटी घेऊन आलेला, दोघेही येथे सारखेच दिसतात. प्रकाशास आणि वरच्या अंगास सारंगखेड्यास बॅरेज झाल्यापासून पावसाळ्यानंतर पाणी अडविले जाते, आणि नदीचे पात्र दूरवर रुंद, संथ जलाशयासारखे भरलेले राहते. मात्र पावसाळ्यात वरच्या हतनूर धरणातून पाणी सोडले म्हणजे या बॅरेजांचे दरवाजे उघडावे लागतात, आणि आकाश निरभ्र असतानाही तापी पाहता पाहता चढते. त्या दिवसांत प्रशासन नदीकाठच्या गावांना इशारा देते, तो पाहुण्यानेही आपल्यासाठीच आहे असे समजावे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम.

याच मुलखातून एकट्याने पायी जाण्याची एक जुनी परंपरा चालत आली आहे, तिच्याकडे आजच्या प्रवासी-व्यवसायाने पाहिले पाहिजे. नर्मदेची परिक्रमा करणारा नदीस सदैव उजव्या हातास ठेवतो आणि तिचे पात्र ओलांडीत नाही. शास्त्रोक्त परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात, आणि चातुर्मासात परिक्रमावासी एकाच जागी मुक्काम करतो. दक्षिण तटाने पश्चिमेस जाताना अक्राणीच्या अंगाला शूलपाणीची झाडी लागते. तेथील वाट दुर्गम, आणि पूर्वी लुबाडले जाण्याचे भय मोठे, म्हणून कित्येक परिक्रमावासी नदीपासून दूर सरून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा बाहेरचा मार्ग धरतात. पांढऱ्या वस्त्रातील, हाती दंड आणि कमंडलू घेतलेला असा एखादा एकाकी पथिक आपल्याकडील रस्त्यांवर थंडीच्या दिवसांत हटकून दिसतो. त्याच्याजवळ पैसा नसतो, ओळख नसते, पुष्कळदा भाषाही निराळी असते. तरी ‘नर्मदे हर’ एवढ्या उच्चारावर त्यास ओटी मिळते, शिधा मिळतो, आणि सकाळी तो निघून जातो. सदावर्ताचा हा दस्तूर कोणी कायद्याने घालून दिलेला नाही. एकट्या वाटसरूस जागा देणे आणि त्याच्या एकटेपणात ढवळाढवळ न करणे, या दोन्ही गोष्टी आपल्या लोकांना किती उत्तम जमतात, याचे याहून स्पष्ट प्रमाण मला ठाऊक नाही.

तोरणमाळचे पाणी याहून निराळे. शहाद्याहून सातपायरी घाट चढून गेले म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर यशवंत तलाव लागतो, आणि खाली तापीकाठी अंग भाजत असतानाही वर वारा शीतल असतो. महाशिवरात्रीस गोरक्षनाथाच्या यात्रेला येथे अपार गर्दी लोटते. ज्यास निवांतपणा हवा त्याने ते दिवस टाळावेत. सीताखाईचा कडा पावसाळ्यात पाहण्याजोगा, पण कठड्याच्या आतूनच. मला स्वतःला येथील उन्हाळ्याचा आरंभ अधिक प्रिय आहे, कारण तेव्हा अक्राणीतील पाड्यापाड्यांवर भिल्ल आणि पावरा कुटुंबे कैऱ्यांच्या फोडी करून आमचूर वाळवीत असतात, आणि रस्त्याने जाताना वाऱ्यावर तो आंबट वास येत राहतो. तलावाकाठी सकाळी बसावे, दुपारी खोलीत झोपावे, सायंकाळी पुन्हा काठ धरावा; याहून अधिक कार्यक्रम तोरणमाळला आखूच नये. ज्यांना चढ झेपत नाही त्यांना पायथ्याच्या अंगास उनपदेवचा उष्णोदकाचा झरा आहे.

जिल्ह्याच्या उत्तर सरहद्दीवर खुद्द नर्मदा आहे, आणि सरदार सरोवराच्या भरावामुळे तेथे डोंगरांच्या कुशीत दूरवर निळे पाणी पसरलेले दिसते. ते दृश्य मनोहर आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु त्या पाण्याखाली मणिबेलीपासूनच्या गावांची शेते आणि देवस्थाने आहेत, आणि काठावर उरलेल्यांना आजही दवाखान्यास वा बाजारास जाण्यासाठी नावेचा आधार घ्यावा लागतो. तेथे कोणाच्या ओळखीने, स्थानिक माणसाच्या सोबतीनेच जावे, आणि विश्रांतीपेक्षा जाणून घेण्याच्या हेतूने जावे, असे मी सुचवीन.

आता समुद्राकडे वळू. मुलताईस उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपलीकडे खंभातच्या आखातास मिळते, आणि नंदुरबारहून सुरतेस जाणारी आगगाडी दिवसाउजेडी तेथे पोहोचविते. वाटेत नवापूर स्थानक लागते, ज्याचा अर्धा फलाट महाराष्ट्राच्या आणि अर्धा गुजराथच्या हद्दीत आहे. सुरतेजवळ डुमसचा काळसर वाळूचा किनारा आपल्याला सर्वांत जवळचा. पण या आखातात भरती आणि ओहोटी यांतील अंतर भारतात सर्वाधिक असल्यामुळे ओहोटीस पाणी फार दूर जाते व चिखल उघडा पडतो. शिवाय तेथे शहराची करमणूक अधिक, काठाचा स्वतःचा व्यवहार कमी. सायंकाळपुरते जाऊन यावे.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखानजीक असलेल्या वेळास गावाची गोष्ट मात्र विस्ताराने सांगितली पाहिजे. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. येथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसे उकरून नेत, आणि राहिलेली कोल्ही-कुत्री फस्त करीत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरट्यांचे रक्षण सुरू केले: घरटे शोधावयाचे, अंडी कुंपणातील सुरक्षित वाळूत त्याच खोलीवर पुरावयाची, आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी बाहेर आलेली पिले सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडावयाची. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि ग्रामस्थांनी आपल्या घरांतील खोल्या पाहुण्यांस दिल्या. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात एकटा गेलेला प्रवासी कोणाच्या तरी पडवीत उतरतो, घरच्यांच्या पंक्तीस जेवतो, पहाटे इतरांसोबत किनाऱ्यावर जाऊन वाळूवरून सरपटत पाण्याकडे निघालेली ती इवली पिले पाहतो, आणि उरलेला दिवस त्याचा स्वतःचा असतो. पिले कधी निघतील याची हमी कोणी देत नाही, आणि ते योग्यच आहे. सोबत कोण, या प्रश्नाचे उत्तर येथे गावच देते.

वेसवीहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पलीकडे बागमांडला आणि पुढे हरिहरेश्वर. तेथील प्रदक्षिणेची वाट समुद्रातील खडकांवरून जाते, आणि ती ओहोटीतच करावयाची असते. हा नियम मोडल्यामुळे तेथे प्राणहानी झालेली आहे. आपण खानदेशी माणसे विहिरीत आणि नदीच्या डोहात पोहावयास शिकलेली असतो, पण त्या विद्येचा समुद्रात फारसा उपयोग होत नाही, म्हणून पाण्याच्या वेळा थोड्या समजून घेतल्या पाहिजेत. कोकणातील लोक तिथीच्या पाऊणपट तासांनी भरतीची वेळ काढतात: चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या, द्वादशीस नऊच्या. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि दुसऱ्या दिवशी हेच चक्र पाऊण तासाहून किंचित अधिक उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत आल्यामुळे उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची मंद भरती असते. गावागावाप्रमाणे यात थोडाफार फरक पडतो, तेव्हा स्थानिक कोळ्यास विचारणे हेच श्रेयस्कर. आणखी एक धोका नवख्याच्या ध्यानात येत नाही. लाटांनी काठावर चढविलेले पाणी परतताना कधी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून वेगाने आत ओढत जाते, आणि तो पट्टा दोहोंकडच्या फेसाळ पाण्याहून शांत दिसत असल्यामुळे माणूस नेमका तेथेच उतरतो. त्यात सापडल्यास काठाच्या दिशेने झुंजू नये. काठास समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग लाटेबरोबर परतावे. एकट्याने मात्र गुडघाभर पाण्यापुढे जाऊच नये, हे मी निःसंकोच सांगतो.

गुहागरचा सुरूंच्या सावलीतला लांब किनारा, वेळणेश्वरची देवळासमोरची पुळण, मालवणापलीकडे तारकर्लीस कर्ली नदीच्या आणि समुद्राच्या मधली वाळूची पट्टी, या सर्वांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. माझी पसंती गुहागरला, कारण तेथे वस्ती, बाजारपेठ आणि व्याडेश्वराचे मंदिर ही सगळी किनाऱ्याला लागून आहेत, आणि एकट्या बाईमाणसास अंधारून आल्यावरही घरोघरचे दिवे जवळ दिसत राहतात. १ जून ते ३१ जुलै या काळात शासन मासेमारीस बंदी करते, आणि परंपरेने नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या काठावर ओढलेल्या असतात. ज्या दिवसांत कोळीच समुद्रात जात नाही, त्या दिवसांत आपणही लांबूनच पाहावे.

स्त्रियांच्या बाबतीत प्रवासखर्चाची एक अडचण थोडी हलकी झाली आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या गाड्यांत महिलांना निम्मे भाडे पडते, आणि शहाद्याच्या स्थानकावरून एकटी निघालेली प्रौढ स्त्री पूर्वीपेक्षा अधिक दिसते. उरते ती मुक्कामाची अडचण. एकट्या बाईस खोली देताना पुष्कळ ठिकाणी अजूनही उगाच उलटतपासणी होते, आणि हे लाजिरवाणे आहे. मुक्कामाचे ठिकाण निघण्यापूर्वी फोनवर पक्के करावे, कुटुंब राहत असलेल्या घरातली खोली घ्यावी, आणि पोहोचण्याची वेळ दिवसाउजेडाची ठेवावी.

परंतु ही सर्व तजवीज प्रवाशानेच का करावी? वेळासच्या ग्रामस्थांनी आपल्या घरांच्या खोल्या उघडल्या, तसे तापीकाठच्या गावांना करता येणार नाही काय? सारंगखेड्यास मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या यात्रेला घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा दूरदूरच्या प्रांतांतून आलेले सौदागर आणि यात्रेकरू दिवसेंदिवस तेथे राहतात. त्यांच्या पाण्याची, दिव्याची, बंदोबस्ताची व्यवस्था गाव आणि प्रशासन मिळून दरवर्षी उभी करतात, आणि यात्रा संपली की ती मोडून टाकतात. त्या व्यवस्थेतील दहा-वीस खोल्या, घाटावरचे दिवे, स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह आणि बॅरेजच्या पाण्याची सूचना देणारा एक फलक, एवढेच यात्रेनंतर कायम ठेवले, आणि प्रकाशासही तसेच केले, तर होळीपर्यंतचे तीन महिने या दोन गावांच्या काठावर एकट्या माणसास निश्चिंतपणे राहता येईल. नंदुरबारच्या जिल्हा परिषदेने आणि या दोन ग्रामपंचायतींनी येत्या दत्तजयंतीपूर्वी हा विषय सभेपुढे घ्यावा.