संगीतयंत्राचा जमाखर्च

घरातील संगीतयंत्रावर समाधान मानून स्वस्थ बसणे ज्यांच्या स्वभावातच नाही अशा रसिकांची एक जात सर्व देशांत आढळते. आणि बोनस हाती पडला की या मंडळींची जी पहिली तजवीज सुरू होते ती बहुधा अँप्लिफायर बदलण्याची, आणि अलीकडे दुसरी, डॅक नावाची चिमुकली पेटी विकत घेण्याची. स्पीकर बदलण्याचे सहसा कोणी मनावर घेत नाही, कारण ते अवजड असतात आणि दिवाणखान्यातील त्यांच्या जागेविषयी घरातल्यांशी एकदा झालेला तह पुन्हा उकरून काढण्याची कोणाची छाती होत नाही. वास्तविक आवाजात सर्वांत मोठा फरक पडतो तो स्पीकरने आणि खोलीने. परंतु अँप्लिफायर आणि डॅक यांच्यावरच पैसे खर्चायचे ठरले असेल, तर ते कोणत्या कामासाठी जाणार याचा खुलासा आधी करून घेणे इष्ट.

अँप्लिफायरची खरेदी बहुधा वॅटच्या आकड्यावरून होते, आणि फसगतही तेथेच होते. ज्या स्पीकरच्या कागदावर संवेदनक्षमता ८७ डेसिबल अशी लिहिलेली असते, तो केवळ १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर ८७ डेसिबल इतका आवाज काढतो. भीमसेन जोशींची तान इतक्या आवाजात लावली तर फ्लॅटच्या भिंतीपलीकडील शेजारी त्याची दखल घेतल्यावाचून राहणार नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दसपट करावी लागते. म्हणजे ५० वॅटचे यंत्र काढून ६० वॅटचे आणणाऱ्या गृहस्थाच्या पदरात एक डेसिबलदेखील पडत नाही, हे दुकानातील आकर्षक पत्रकात कोठेही छापलेले नसते.

मग अँप्लिफायर कधी बदलावा? स्पीकरवर ८ ओम लिहिलेले असले तरी काही कंपनांवर त्याचा विरोध ३-४ ओमपर्यंत उतरतो, आणि नेमक्या त्या क्षणी, म्हणजे डग्ग्यावर भरदार थाप पडते किंवा वाद्यवृंद एकदम उसळतो तेव्हा, अँप्लिफायरला पुष्कळ विद्युत्प्रवाह पुरवावा लागतो. ज्याला तो पुरवता येत नाही त्याचा आवाज कर्कश होतो आणि थापेतील घुमारा नाहीसा होतो. नॅड कंपनीने १९७८ साली बाजारात आणलेला ३०२० हा अँप्लिफायर या बाबतीत आजही आठवावा असा आहे. ब्यर्न एरिक एडवर्डसन या नॉर्वेजियन अभियंत्याने रचलेल्या या साध्या, करड्या यंत्रावर शक्ती लिहिलेली होती अवघी २० वॅट. पण क्षणिक आघाताच्या वेळी ते त्याहून कितीतरी अधिक देऊ शके, आणि म्हणूनच हट्टी स्पीकरही त्याने निमूटपणे चालवले. उलट जुन्या यंत्राच्या आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत असेल किंवा स्पीकरमधून अखंड गुणगुण येत असेल, तर तो बहुधा मळलेल्या बटणाचा अथवा सुकलेल्या कपॅसिटरचा दोष असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सुट्या भागांनी आणि चांगल्या कारागिराच्या हातांनी तो दूर होत असताना नव्या यंत्राचा घाट घालणे हा निव्वळ अपव्यय होय.

डॅकचे प्रकरण याहून नाजूक आहे. अंकांच्या रूपाने साठवलेल्या संगीताचे पुन्हा विद्युत्-लहरींत रूपांतर करणे हे त्याचे काम. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८२ साली जी सीडी बाजारात आणली, तिच्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटांच्या अचूकतेने ध्वनीचे मोजमाप नोंदलेले असते. माणसाला ऐकू येणारी २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने टिपण्यास ही नोंद सिद्धांततः पुरेशी, आणि अत्यंत हळू व अत्यंत मोठ्या आवाजांतील सुमारे ९६ डेसिबलचे अंतर तिच्यात सामावते. याहून सूक्ष्म नोंदी कानाला वेगळ्या कळतात काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. २००७ साली मेयर आणि मोरान या अमेरिकन संशोधकांनी साडेपाचशेहून अधिक वेळा घेतलेल्या परीक्षेत श्रोत्यांची बरोबर उत्तरे निम्मीच आली, म्हणजे नाणेफेक केल्यासारखी; उलट २०१६ साली लंडनच्या जोशुआ रीस यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासून अल्पसा, पण खरा फरक दाखवला. मात्र फोनवरून ब्लूटूथने गाणी पाठवणाऱ्या किंवा संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून तार ओढणाऱ्या माणसास तारेने जोडलेल्या डॅकचा लाभ बहुधा होईल, कारण पहिल्या मार्गात ध्वनीची काटछाट होते आणि दुसऱ्यात संगणकाच्या पोटातील विद्युत् गोंगाट मिसळण्याचा संभव असतो.

या बाजारातील सर्वांत जुनी युक्ती मात्र सांगितलीच पाहिजे. सीडी प्लेअर सामान्यतः कमाल २ व्होल्टचा संकेत देतो, तर अनेक नवे डॅक संतुलित जोडणीतून ४ व्होल्ट देतात. म्हणजे बटण न हलवता आवाज ६ डेसिबलने चढतो, आणि किंचित चढा आवाज कानाला नेहमी अधिक स्वच्छ, अधिक भरदार भासतो. उपाय सोपा आहे. १०० हर्ट्झचा अखंड स्वर लावून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवावा आणि त्याच्या पिना स्पीकरच्या दोन टोकांना लावाव्यात, मात्र त्या एकमेकींस भिडू देऊ नयेत. जुन्या यंत्रावर १ व्होल्ट दिसला तर नव्यावरही तितकाच येईपर्यंत बटण फिरवावे. १.१२ दिसला तरी १ डेसिबलचा पक्षपात झालाच. त्यानंतर कोणते यंत्र चालू आहे हे स्वतःस कळणार नाही अशा बेताने दुसऱ्याकडून तारा बदलवून घ्याव्यात आणि मग निवाडा करावा. हे दुकानात होणे कठीण; म्हणून यंत्र आठवडाभर घरी नेऊन ऐकण्याची आणि न पटल्यास परत करण्याची मुभा दुकानदाराकडून लेखी घ्यावी, आणि जो ती देत नाही त्याच्याकडून खरेदी करू नये.