वाडीचा दक्षिणद्वार

कृष्णेला पाणी चढू लागले की कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत एक चौकशी हटकून होते : दक्षिणद्वार झाला का? नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या देवळात पुराचे पाणी उत्तरेच्या दाराने शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात अंघोळ करायची, यासाठी माणसे रात्रीअपरात्री गाडी काढतात. पाणी वाढताना होतो तो चढता दक्षिणद्वार, ओसरताना होतो तो उतरता. या सोहळ्याची तिथी पंचांगात सापडत नाही. घाटमाथ्यावर पाऊस किती पडला आणि कोयनेतून विसर्ग किती सोडला, यावर सगळे ठरते.

नदीकाठची देवळे बांधताना पाणी आत येऊ नये याची काळजी घेतात. इथे ते येणारच, असे गृहीत धरूनच सगळे चालते. पाणी वाढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि दर्शन तिथे सुरू होते. मूळ पादुका मात्र जागच्या जागी, पाण्याखाली.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे, शिरोळ तालुक्यातले हे गाव नृसिंह सरस्वतींमुळे दत्तभक्तांची राजधानी झाले. स्वामी जन्माने विदर्भातल्या कारंजाचे. भिलवडीजवळच्या औदुंबरला एक चातुर्मास काढून ते इथे आले, बारा वर्षे राहिले आणि मग गाणगापूरला गेले. निघाले तो दिवस गुरुद्वादशीचा, अश्विन वद्य द्वादशीचा. नदीत राहणाऱ्या चौसष्ट योगिनी त्यांची सेवा करत. 'आम्हाला टाकून जाऊ नका' म्हणून त्यांनी स्वामींना गळ घातली, तेव्हा औदुंबराखाली मनोहर पादुका ठेवून ते गेले, अशी गुरुचरित्रातली कथा आहे. वाडीची मुख्य पूजा आजही त्या पादुकांचीच.

गुरुचरित्रात चमत्कारांना तोटा नाही. पण मला धरून ठेवते ती अठराव्या अध्यायातली घेवड्याची गोष्ट. पलीकडच्या तीरावर अमरापुरात एक गरीब ब्राह्मण होता. भिक्षा मिळाली नाही की दारातल्या वेलाच्या शेंगांवर घर चालायचे. स्वामी एकदा त्याच्याकडे भिक्षेला गेले, घेवड्याची भाजी जेवले आणि निघताना तो वेलच उपटून टाकला. बायकोने आकांत मांडला. नवऱ्याने तिची समजूत घातली आणि वेलाचे मूळ काढायला खणू लागला, तर खाली द्रव्याने भरलेला कुंभ. भाविक कुंभापाशी थांबतात. माझे लक्ष त्या बाईकडे जाते. संसाराचा एकुलता आधार साधूनेच मोडला, असे बघून ती बोलते, आणि पोथी तिचा त्रागा गाळत नाही. दत्ताच्या नैवेद्याला घेवड्याची भाजी आवर्जून करतात, तिच्यामागे ही गोष्ट आहे.

देवळाची कथा आणखी निराळी. विजापूरच्या आदिलशहाच्या आंधळ्या मुलीला इथे दृष्टी आली, म्हणून त्याने मंदिर बांधून दिले आणि समोरची औरवाड-गौरवाड ही गावे इनाम दिली, असे सांगतात. या देवळावर नेहमीचे उंच शिखर नाही, त्याचे कारण गावकरी हेच देतात. कथा खरी की खोटी हे इतिहासकारांनी पाहावे. पण सुलतानाचे नाव इथे कुणी लपवत नाही, उलट कौतुकाने सांगतात.

वाडीची ओढ मात्र फक्त कथांची नाही. संध्याकाळी पालखी निघते, वासुदेवानंद सरस्वतींची करुणात्रिपदी सुरू होते आणि ज्यांना शब्द पाठ नाहीत तेही सुरात सूर मिसळतात. ही पदे वासुदेवानंदांनी, म्हणजेच टेंबेस्वामींनी, इथेच रचली. नंतर पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी. कवठाची बर्फी न आणता वाडीहून परतणाऱ्याला घरचे विचारतातच.

पण पाण्याचे कौतुक कुठवर करायचे? २००५, २०१९ आणि २०२१ साली हेच पाणी देवळाच्या पायऱ्यांवर थांबले नाही, ते घरांत, गोठ्यांत शिरले आणि शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे उठवावी लागली. त्या पावसाळ्यांत दक्षिणद्वाराची चौकशी करायला कुणाची जीभ रेटली नसणार. एरवीचे दुखणे पंचगंगेचे. कोल्हापूरचे सांडपाणी आणि इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचे पाणी घेऊन ती संगमाला येते, आणि त्याच संगमावर लोक तीर्थ म्हणून ओंजळ भरतात.

गुरू कन्या राशीत आला की इथे बारा वर्षांनी कन्यागत पर्व भरते. मागचे २०१६ साली झाले, पुढचे २०२८ मध्ये येईल. तेव्हा घाट, रस्ते, वाहनतळ यांसाठी निधी मागितला जाईल आणि बहुधा मिळेलही. त्या मागणीत पहिले कलम पंचगंगेच्या पाण्याचे असावे, एवढा आग्रह देवस्थानाने, इचलकरंजीच्या कारखानदारांनी आणि आपण भाविकांनी आतापासून धरायला हवा.