अचूक खेळ आणि मालकाची नाल

पत्त्यांच्या डावाने अर्थशास्त्राला एक संपूर्ण विचारपद्धती दिली, ही गोष्ट आपल्याकडील सभ्य मनाला रुचणारी नसली तरी खरी आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी बैठ्या खेळांच्या उपपत्तीवरील आपला निबंध १९२८ साली प्रसिद्ध केला. पुढे १९४४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकर या खेळाचे व त्यातील हूल देण्याच्या प्रकाराचे गणिती विवेचन केले. जॉन नॅश यांनीही समतोलाची कल्पना विशद करताना, १९५१ च्या निबंधात, तिघांच्या साध्या पोकरचे उदाहरण घेतले होते. खेळावरून निघालेले हे शास्त्र आता संगणकाच्या आज्ञावलीचे रूप घेऊन पुन्हा खेळाच्या टेबलाशी आले आहे.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये, दोघांत खेळल्या जाणाऱ्या मर्यादित बोलीच्या पोकरची जवळजवळ संपूर्ण उकल केल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या आज्ञावलीने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांच्या सामन्यात हरविले. याच तत्त्वावरील लहान आज्ञावल्या आज घरच्या संगणकावर चालतात. त्यांचा अभ्यास करून रोखीच्या डावांवर चरितार्थ चालविण्याची स्वप्ने काही तरुण पाहू लागले आहेत. त्यांचा युक्तिवाद असा, की गणिताने सिद्ध झालेली चाल खेळणारा तो जुगारी नव्हे, तो व्यावसायिक होय. हा युक्तिवाद तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम ही आज्ञावली काय करते ते पाहू. बावन्न पत्त्यांतून हाती येणाऱ्या दोन पत्त्यांच्या जोड्या १,३२६ होतात. टेबलावर उघड्या पडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांचे प्रकार २२,१०० होतात. एवढा पसारा यंत्रापुढे मांडण्यापूर्वी वापरणाऱ्याला काही रकाने भरावे लागतात. प्रत्येक खेळाडूकडे कोणत्या जोड्या असू शकतील, मध्ये किती रक्कम जमली आहे, प्रत्येकाच्या पुढ्यात किती उरली आहे, किती रकमेच्या बोलींना परवानगी आहे, आणि शेवटी, किती चूक चालवून घ्यावयाची आहे. मग यंत्र स्वतःशीच असंख्य वेळा खेळते. प्रत्येक वेळी, दुसरी चाल केली असती तर किती अधिक मिळाले असते, याचा हिशेब ठेवते आणि हा 'पश्चात्ताप' कमी कमी करीत समतोलाकडे सरकते.

एक सोपे उदाहरण घेऊ. मध्ये १,००० रुपये आहेत आणि शेवटचा पत्ता उघडल्यावर प्रतिपक्षाने १,००० रुपयांची बोली लावली. आपण १,००० घातले तर एकूण ३,००० होतात; म्हणजे तीनांतून एकदा जिंकलो तरी तोटा नाही. म्हणून समतोलात बोली लावणाऱ्याने तीन बोलींपैकी एकदा हूल द्यावी, असे उत्तर निघते. उत्तर निर्दोष आहे. परंतु ते, प्रतिपक्षाच्या हातांविषयी आपण रकान्यात जो अंदाज भरला, त्यापुरतेच निर्दोष आहे. तो अंदाज यंत्राचा नाही. समोरच्या माणसाच्या मनात काय आहे हे यंत्राला कळत नाही. आपण त्याला सांगितलेले तेवढे कळते.

तथापि सर्वांत महत्त्वाचा रकाना निराळाच आहे, आणि उत्साहाच्या भरात तोच शून्यावर सोडला जातो. अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो. त्याला नाल म्हणतात. वरील ३,००० रुपयांतून पाच टक्के, म्हणजे १५० रुपये, नाल कापली गेली तर हाती २,८५० येतील. मग तीनांतून एकदा जिंकणे पुरत नाही. शंभरांतून पस्तीसहून किंचित अधिक वेळा जिंकावे लागते. आज्ञावलीत ही टक्केवारी भरताच तिचा सल्ला बदलतो. कालपर्यंत खेळण्यायोग्य वाटलेले कितीतरी हात ती आता टाकून द्यावयास सांगते.

आता हा हिशेब एका डावावरून एका रात्रीवर नेऊ. समजा, सहा जण प्रत्येकी १०,००० रुपये घेऊन बसले. तासाला २५ डाव झाले आणि दर डावाला सरासरी २० रुपये नाल गेली, तर तासाला ५०० आणि दहा तासांत ५,००० रुपये टेबलावरून नाहीसे होतात. सहाही जणांकडे तीच आज्ञावली असेल, सहाही जण तिचा सल्ला अक्षरशः पाळत असतील, तर सरासरीने प्रत्येक जण सुमारे ८३३ रुपये गमावून घरी जाईल. कोणीही चूक केलेली नाही आणि तरी सर्वांना तोटा आहे. नफा हवा असेल तर आपल्याहून अडाणी माणूस टेबलावर असलाच पाहिजे, आणि त्याने आपला नफा व मालकाची नाल ही दोन्ही ओझी वाहिली पाहिजेत. आज्ञावली जसजशी सर्वांच्या हाती जाईल तसतसा असा माणूस दुर्मिळ होत जाईल. मालकाचा वाटा मात्र कायम राहील.

कौशल्य की दैव, हा प्रश्न आपल्या न्यायालयांनी पुष्कळ चर्चिला आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मानले. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता हा भेद बाजूला सारून सरसकट मनाईचे धोरण स्वीकारले. या धोरणाविषयी मतभेद संभवतात. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने कौशल्य फक्त तोट्याची वाटणी ठरवते. एकूण तोटा ते कमी करू शकत नाही. शेतकऱ्याचे किंवा सुताराचे कौशल्य वाढले तर समाजात काही भर पडते. येथे ती पडत नाही.

याचा अर्थ ही आज्ञावली टाकाऊ आहे असा नव्हे. पैसा न लावता वर्गात ती चालवावी, नालीच्या रकान्यात आधी शून्य व मग पाच भरावे, आणि उत्तरे कशी पालटतात ते विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावे. अंदाजपत्रकातील आकडे असोत वा गुंतवणूक योजनेचे आकर्षक तक्ते असोत, उत्तराकडे पाहण्यापूर्वी कोणता रकाना कोणी शून्यावर सोडला आहे हे विचारण्याची सवय त्यातून लागली, तर तो अभ्यास कोणत्याही जिंकलेल्या डावापेक्षा अधिक काळ उपयोगी पडेल.